गणिताची वेळ चुकूं नये

लीलावतीची आख्यायिका आमच्या बहुतेक वाचकांनीं लहानपणीं घरींच ऐकलेली असेल. कन्येच्या विवाहाचा मुहूर्त साधावा म्हणून भास्कराचार्यांनीं घटिकापात्र मांडलें. कन्या कुतूहलानें त्यांत वाकून पाहूं लागली. तिच्या अलंकारांतील एक मोती पात्राच्या छिद्रांत अडकला, पाणी आंत शिरेना, आणि कोणाच्या ध्यानांत येण्यापूर्वींच मुहूर्त टळून गेला. कथा खरी असो वा मागाहून रचलेली असो, तिच्यांतील मर्म खरें आहे. कन्येंत कांहीं उणें नव्हतें, पित्याच्या विद्वत्तेंत तर नव्हतेंच. चुकली ती फक्त वेळ. अमेरिकेंत कॅलिफोर्निया राज्यांत राहणाऱ्या कित्येक मराठी कुटुंबांत मुलांच्या शिक्षणाच्या बाबतींत हल्लीं असेंच घडतांना आम्ही पाहतों. मूल हुशार असतें, घरांत विद्येची आवड असते, पैशाचीहि फारशी ओढाताण नसते. आणि तरीहि गणिताचा एक विषय वेळेवर न घेतल्यामुळें सबंध वर्ष हातचें जातें. ज्यांचे नातू, पुतणे, भाचे तिकडे संगणकशास्त्राकडे वळत आहेत अशीं घरें आमच्या वाचकांत पुष्कळ आहेत. म्हणून हा विषय थोडा विस्तारानें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम ‘कम्युनिटी कॉलेज’ या नांवाविषयींचा एक गैरसमज दूर केला पाहिजे. नातू अशा कॉलेजांत जाऊं लागला असें फोनवर कळलें कीं, इकडे पुण्यामुंबईच्या घरांतील वडीलधाऱ्या मंडळींचा चेहरा उतरतो. थेट विद्यापीठांत जागा मिळाली नाहीं, म्हणजे मुलगा मागें पडला, असा त्याचा अर्थ घेतला जातो. वस्तुस्थिति तशी नाहीं. कॅलिफोर्नियानें 1960 सालीं उच्च शिक्षणाची एक व्यापक योजना स्वीकारली. तींत तीन पायऱ्या होत्या. शाळा सोडणाऱ्या विद्यार्थ्यांपैकीं वरच्या अष्टमांशास युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, वरच्या तृतीयांशास स्टेट युनिव्हर्सिटी, आणि जो कोणी शिकूं इच्छील त्या प्रत्येकास कम्युनिटी कॉलेज. परंतु खालच्या पायरीवरून वर जाण्याची वाटहि त्याच योजनेंत राखून ठेविलेली होती. पहिलीं दोन वर्षें कम्युनिटी कॉलेजांत काढून तिसऱ्या वर्षीं विद्यापीठांत दाखल व्हावयाचें, या वाटेला तिकडे ‘ट्रान्स्फर’ म्हणतात. आज त्या राज्यांत अशीं 116 कॉलेजें आहेत. राज्याच्या रहिवाशास एका युनिटामागें 46 डॉलर फी पडते. युनिट म्हणजे अभ्यासाचें माप. विद्यापीठांत जाण्यास सेमिस्टर पद्धतीचीं 60 युनिटें लागतात, म्हणजे दोन वर्षांची मूळ फी 2760 डॉलर होते. विद्यापीठाची एका वर्षाचीच फी याच्या कित्येक पट असते. आणि शेवटीं जें पदवीपत्र हातीं येतें, त्यावर विद्यापीठाचेंच नांव असतें. तेव्हां या मार्गानें जाणारा मुलगा मागें पडलेला नसून, पुष्कळदां तो घरचा पैसा राखणाराच असतो.

मात्र हा मार्ग जितका स्वस्त तितकाच हिशेबी आहे, आणि संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यास हा हिशेब सर्वांत अधिक करावा लागतो, तो गणिताच्या बाबतींत.

त्याचें कारण गणित कठीण आहे हें नव्हे. गणित क्रमानेंच घ्यावें लागतें, हें आहे. या विषयाची तिकडे एक शिडीच बांधलेली आहे. पहिली पायरी प्रीकॅलक्युलस, म्हणजे बीजगणित व त्रिकोणमिति यांची तयारी. त्यावर पहिलें कॅलक्युलस, ज्यांत अवकलन व संकलनाचा आरंभ येतो. त्यावर दुसरें, ज्यांत संकलनाच्या रीति व अनंत श्रेढी येतात. त्यावर तिसरें, ज्यांत एकाहून अधिक चल राशींचा विचार होतो. पुढें लिनिअर अल्जिब्रा, म्हणजे सारण्या व सदिश यांचें गणित; कांहीं विद्यापीठांसाठीं अवकल समीकरणें; आणि या शिडीच्या बाजूनें जाणारें डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स, ज्यांत तर्क, गणना व सिद्धता शिकवितात. खालचा विषय किमान ‘सी’ श्रेणींत उत्तीर्ण झाल्यावांचून वरच्या विषयांत नांव घालतां येत नाहीं. या अटीला ‘प्रीरेक्विझिट’ म्हणतात. इतिहास व अर्थशास्त्र एकाच सेमिस्टरमध्यें घेतां येतात. पहिलें व दुसरें कॅलक्युलस तसें घेतां येत नाहीं. लिनिअर अल्जिब्रा पुष्कळ ठिकाणीं दुसऱ्या कॅलक्युलसनंतर लगेच मिळतो, म्हणून तो तिसऱ्याच्या जोडीनें उरकतां येतो. एवढीच काय ती सवलत. बाकी शिडी एकेक पायरीनेंच चढावी लागते, आणि एका पायरीस एक सेमिस्टर जातें.

आतां दिवस मोजूं. मुलगा ऑगस्टांत कॉलेजांत गेला, तर दोन वर्षांत त्याच्या वांट्याला चार सेमिस्टरें व मधला एक उन्हाळा येतो. परंतु विद्यापीठाचा अर्ज दोन वर्षें पुरीं झाल्यावर करावयाचा नसतो. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे पुढील वर्षाचे अर्ज आदल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरांत घेतले जातात. म्हणजे सव्वा वर्ष झालें न झालें तोंच अर्ज लिहावा लागतो. त्या वेळीं पहिल्या वर्षाच्या श्रेणी, चालू विषयांचीं नांवें आणि उरलेल्या विषयांचा बेत एवढेंच दाखवितां येतें. तिसऱ्या सेमिस्टरच्या श्रेणी जानेवारींत कळवावयाच्या, आणि चौथें सेमिस्टर संपेपर्यंत सर्व ठरलेले विषय पुरे झालेले असावयाचे. विद्यापीठांत जाण्यापूर्वींच्या शेवटच्या उन्हाळ्यांत एखादा राहिलेला विषय उरकून घेऊं, असें म्हणणाऱ्यास संगणकशास्त्रासारख्या चढाओढीच्या शाखेंत सहसा दार उघडत नाहीं.

या हिशेबाकडे दुर्लक्ष झालें म्हणजे काय होतें, याचें एक उदाहरण आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत घडलें. मुलगा शाळेंत चांगला, कॉलेजांत पहिल्या कॅलक्युलसपासून आरंभ करण्यास पात्र. वडील स्वतः इंजिनीअर. त्यांनीं प्रेमानेंच सल्ला दिला, “पहिलें सेमिस्टर हलकें घे, कॉलेजची संवय होऊं दे, गणित पुढें आहेच.” मुलानें इंग्रजी, इतिहास व मानसशास्त्र घेतलें व तिन्हींत उत्तम श्रेणी मिळविली. जानेवारींत पहिलें कॅलक्युलस घेतलें. उन्हाळ्यांत दुसरें घेतां आलें असतें. पण नाशिकास चुलत बहिणीचें लग्न होतें, सारें घर दोन महिने इकडे आलें. त्या लग्नांत याच मुलानें पंगतींत वाढण्याचें काम हौसेनें केलें, तें आम्हींहि पाहिलें आहे. परतल्यावर दुसरें कॅलक्युलस, आणि शेवटच्या सेमिस्टरमध्यें तिसरें व त्याबरोबर लिनिअर अल्जिब्रा. ज्या दोन विद्यापीठांवर त्याचें मन होतें, तेथें अवकल समीकरणेंहि लागत होतीं. तीं त्याच्या कॉलेजांत तिसऱ्या कॅलक्युलसनंतरच घेतां येत, आणि त्यांना आतां जागाच उरली नव्हती. दोन्हीं ठिकाणांहून नकार आला. तिसरें वर्ष त्याच कॉलेजांत काढावें लागलें.

पुण्याच्या आजीनें फोनवर हळूच विचारलें, “बाळ, नापास झालास का रे?” मुलगा म्हणाला, “नाहीं आजी, नापास नाहीं झालों. मला उशीर झाला.”

या उत्तरांत सारें आलें. गणिताच्या एकाहि विषयांत त्याची श्रेणी कमी नव्हती. परंतु त्या वर्षभर ‘आपल्याला गणित जमत नाहीं’ अशी त्याची समजूत होत गेली, आणि बरोबरीचीं मुलें पुढें गेलेलीं पाहून तो घरांतहि अबोल झाला. गेलेलें वर्ष भरून निघालें. तो पुढें विद्यापीठांत गेला व सुखरूप आहे. पण जी चूक वडील माणसांच्या हिशेबाची होती, तिचें ओझें मुलानें आपल्या बुद्धीवर घेतलें, ही गोष्ट आम्हांस वर्ष फुकट जाण्याहून अधिक वाईट वाटते.

ही चूक टाळण्याचा उपाय एकच आहे, आणि तो साधा आहे. आपल्या घरीं लग्नाची तयारी तिथीपासून उलटी मोजतात: अक्षत अमक्या दिवशीं, म्हणजे पत्रिका त्याआधीं, आणि फराळाचें सामान त्याच्याहि आधीं. येथेंहि तसेंच मोजावें. कोणत्या विद्यापीठांत जावयाचें तें पहिल्याच महिन्यांत, निदान तीनचार नांवांपुरतें, ठरवावें. तेथें गणिताचे कोणते विषय लागतात तें पाहावें. आणि शेवटच्या विषयापासून मागें मोजीत पहिल्या सेमिस्टरपर्यंत यावें. मोजून झाल्यावर पहिल्या सेमिस्टरमध्यें गणित टाळण्यास जागा आहे असें फारच थोड्यांस आढळेल.

प्रत्येक विद्यापीठाची मागणी निराळी असते, हें येथें विसरतां कामा नये. लॉस एंजेलिसच्या केंद्रांत संगणकशास्त्रासाठीं कॅलक्युलसची सबंध मालिका, लिनिअर अल्जिब्रा व अवकल समीकरणें हीं सारीं येतात. बर्क्ले येथें लिनिअर अल्जिब्रा व अवकल समीकरणें मिळून 54 क्रमांकाचा एकच अभ्यासक्रम आहे; त्यामुळें तो भरून काढण्यास कम्युनिटी कॉलेजांत पुष्कळदां दोन वेगळे विषय पुरे करावे लागतात. दुसऱ्या एखाद्या ठिकाणीं अवकल समीकरणें मुळींच लागत नाहींत, पण डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स आधींच हवें असतें. हें सारें पाहण्यास राज्यांत ‘असिस्ट’ नांवाची अधिकृत नोंद आहे. ती संगणकावर कोणासहि फुकट पाहतां येते. एका बाजूस कॉलेजचें नांव, दुसऱ्या बाजूस विद्यापीठाचें नांव व शाखा निवडली कीं, येथला कोणता विषय तेथल्या कोणत्या विषयाच्या तोडीचा धरतात, हें समोरासमोर दिसतें. एखाद्या विषयापुढें जोडीचा विषय नसला, तर तो जवळच्या दुसऱ्या कॉलेजांत मिळतो का तें शोधावें. एकाच वेळीं दोन कॉलेजांत नांव घालण्यास तिकडे आडकाठी नाहीं. या मागण्या वेळोवेळीं बदलतात, म्हणून थोरल्या भावाच्या वेळची यादी धाकट्यास पुरत नाहीं. चालू वर्षाचीच पाहावी.

आणखी एक खांचखळगा आहे. बहुतेक कॉलेजें सेमिस्टरनें चालतात. परंतु कुपर्टिनोचें डी अँझा व लॉस आल्टोस हिल्सचें फूटहिल हीं, ज्यांच्या आसपास मराठी वस्ती बरीच आहे, क्वार्टर पद्धतीनें चालतात. सेमिस्टरच्या कॉलेजांत कॅलक्युलसचे तीन भाग असतात, तर डी अँझांत त्याच मजकुराचे चार. एकीकडे दोन भाग शिकून दुसरीकडे गेलेल्या मुलाच्या वांट्याला कांहीं मजकूर दोनदां येतो, कांहीं मुळींच येत नाहीं, आणि विद्यापीठाच्या हिशेबांत मालिका तुटकी ठरूं शकते. शेरवाणीचा एक हात एका शिंप्याकडे व दुसरा हात दुसऱ्याकडे शिवावयास देऊं नये. कॅलक्युलसची मालिका जेथें सुरू केली तेथेंच संपवावी.

‘हमी’ या शब्दानेंहि कित्येक पालक निर्धास्त होतात. विद्यापीठाच्या पदवीचें शिक्षण देणाऱ्या नऊ केंद्रांपैकीं सहा केंद्रें, म्हणजे डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा व सँटा क्रूझ, ठरलेल्या अटी पुऱ्या करणाऱ्या कम्युनिटी कॉलेजच्या विद्यार्थ्यास प्रवेशाची हमी देतात. तिचा अर्ज सप्टेंबरांत करावयाचा असतो, आणि तोहि एकाच केंद्राकडे. बर्क्ले, लॉस एंजेलिस व सॅन डिएगो ही हमी देत नाहींत. आणि जेथें ती आहे तेथेंहि प्रत्येक शाखेला ती लागू असतेच असें नाहीं. सँटा बार्बरा येथें संगणकशास्त्र इंजिनीअरिंग विभागांत मोडतें व तो विभाग हमींतून वगळलेला आहे. तेव्हां हमीचा कागद शाखेसकट वाचावा.

शिडीच्या खालच्या टोकाशींहि अलीकडे मोठा फरक पडला आहे. पूर्वीं कॉलेजांत शिरतांच परीक्षा घेऊन पुष्कळ विद्यार्थ्यांस शाळेंतील बीजगणित पुन्हां शिकण्यास बसवीत. त्यांतील कित्येक कॅलक्युलसपर्यंत कधीं पोहोंचतच नसत. 2017 सालच्या 705 क्रमांकाच्या व 2022 सालच्या 1705 क्रमांकाच्या कायद्यांनीं ही रीत बदलली. आतां शाळेंतील अभ्यासावरून जागा ठरते, आणि विज्ञान व इंजिनीअरिंगकडे जाणाऱ्यांस, जरूर तर जोडीला साहाय्याचा वर्ग देऊन, लवकरांत लवकर कॅलक्युलसमध्यें बसविण्याकडे कॉलेजांचा कल आहे. यानें वेळ वांचतो हें खरें. पण ज्याचा त्रिकोणमितीचा पाया कच्चा आहे, त्यानें दिलेली जागा मिळाली म्हणून हुरळून जाऊं नये. आरंभापूर्वींचे दोन महिने घरीं बसून उजळणी करावी. पहिल्या कॅलक्युलसमध्यें अपयश आलें, तर शिडीवरची प्रत्येक तारीख एका सेमिस्टरनें पुढें सरकते.

महाराष्ट्रांतून बारावी करून नातेवाईकांकडे शिकावयास जाणाऱ्यांसहि येथें दोन शब्द सांगणें अवश्य आहे. आमच्याकडील बारावीच्या गणितांत सारण्या, सदिश, अवकलन, संकलन व अवकल समीकरणें यांचा परिचय होतो. त्यामुळें अशा विद्यार्थ्यास पहिलें कॅलक्युलस नवें वाटत नाहीं. परंतु बारावीच्या गुणपत्रकावर त्या विषयाचें श्रेय सहसा मिळत नाहीं व तो पुन्हां घ्यावा लागतो. ‘हें तर मला येतें’ म्हणून पहिले चार आठवडे निष्काळजीपणांत घालविणारीं मुलें आम्हांस ठाऊक आहेत. त्यांना वाईट श्रेणी पडते ती अज्ञानानें नव्हे, आळसानें. शिवाय विद्यार्थी-व्हिसावर गेलेल्यास रहिवाशाची फी लागू होत नाहीं. ती कित्येक पट अधिक असते, आणि दर सेमिस्टरला किमान 12 युनिटें घ्यावीं लागतात. त्याच्या बाबतींत एक फुकट गेलेलें वर्ष घरच्या ठेवींवर घाला घालतें.

कोणी विचारील, संगणक चालविण्यास एवढें गणित हवेंच कशाला? प्रश्न वाजवी आहे. पडद्यावर एखादें चित्र फिरतें तें सारण्यांच्या गुणाकारानें फिरतें. हल्लीं ज्या यंत्रबुद्धीची जिकडेतिकडे चर्चा आहे, ती आपली चूक थोडीथोडी कमी करीत शिकते, आणि चूक कोणत्या दिशेनें कमी होईल हें अवकलन सांगतें. डिस्क्रीट मॅथेमॅटिक्समध्यें एखादी रीत सर्व वेळीं बरोबर चालेल हें सिद्ध करावयास शिकवितात. दहा उदाहरणांत चालली म्हणून ती अकराव्यांत चालेल असें मानावयाचें नाहीं, ही शिस्त तेथें लागते. म्हणून हे विषय केवळ दारावरचे पहारेकरी नव्हेत; पुढील दोन वर्षांची ती शिदोरीच आहे. उन्हाळ्याच्या सहा-आठ आठवड्यांत सबंध सेमिस्टरचें कॅलक्युलस उरकण्याची सोय तिकडे असते, व वर सांगितलेल्या हिशेबांत तिचा उपयोगहि होतो. परंतु त्या वेळीं दुसरा विषय, नोकरी किंवा प्रवास जोडीला ठेवूं नये. नाहींतर वेळ साधते आणि विद्या निसटते.

शेवटीं घरांतील मोठ्या माणसांकडे वळूं. मुलाच्या गुणांची चौकशी आपल्या घरांत रोज होते; त्याच्या विषयांच्या क्रमाची चौकशी क्वचितच होते. ती पहिल्याच महिन्यांत एकदां स्वस्थपणें करावी. कागदावर चार सेमिस्टरांचे चार रकाने आखावेत, मधल्या उन्हाळ्याचा एक आखावा, आणि मुलास तो कागद घेऊन कॉलेजच्या समुपदेशकाकडे पाठवावें. ‘मी कोणते विषय घेऊं?’ असें तेथें मोघम न विचारतां, ‘हा माझा बेत आहे, यांत कोठें चुकतें?’ असें विचारण्यास त्यास सांगावें. पहिल्या प्रश्नाला ठोकळेवजा उत्तर मिळतें, दुसऱ्याला उपयोगी. लग्नमुंजींच्या तारखा ठरवितांना तो कागद आपणहि एकदां पाहावा. नातवंडानें कार्यास यावें ही इच्छा गोड आहे. पण त्या उन्हाळ्यांत त्याचें दुसरें कॅलक्युलस असेल, तर आठ दिवस येऊन जा म्हणावें आणि दोन महिन्यांचा आग्रह सोडावा.

आणि एवढें करूनहि कोणाचें वर्ष गेलेंच, तर त्यास वेळ चुकली असें म्हणावें. बुद्धि कमी पडली असें म्हणूं नये. त्या मुलाला आजीनें जें पुढें सांगितलें, तेंच आमचेंहि सांगणें आहे: “उशीर झाला ना? मग लौकर नीज, आणि उद्यां वेळेवर ऊठ.” तिसऱ्या वर्षीं त्यानें अवकल समीकरणें पहिल्याच सेमिस्टरमध्यें घेतलीं.